कॅमेऱ्याचा तोल राखणारा गिम्बल : बिघाड ओळखा, खर्च वाचवा

रमजान ईद झाली की आपल्याकडे निकाहांची धावपळ सुरू होते. हॉल ठरतो, पत्रिका वाटल्या जातात, बिर्याणीच्या देगांचा हिशोब होतो आणि त्याच यादीत आता एक नवे नाव हमखास असते, ते म्हणजे ड्रोनवाला. वरातीचे वरून दिसणारे दृश्य, मांडवाची रोषणाई, गावच्या मशिदीच्या मिनारामागे मावळणारा सूर्य, हे सारे व्हिडिओत यावे असे घरच्यांना वाटते. त्यामुळे रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यापासून सोलापूर, लातूर, औरंगाबादपर्यंत आपल्या समाजातील अनेक तरुण या व्यवसायात आले आहेत. कुणी अम्मीच्या भिशीचे पैसे लावले, कुणी आखातातील भावाकडून कर्ज घेतले, कुणी दोन मित्रांत भागीदारी केली. अशा घरात ड्रोन हे खेळणे नसते. त्यावर त्या घराचा महिना चालतो.

या यंत्राचा सर्वात नाजूक भाग म्हणजे कॅमेरा धरून ठेवणारा गिम्बल. ड्रोन उडत असतो, पंखे फिरत असतात, बॅटरी भरलेली असते; पण गिम्बल रुसला की चित्रण बंद, म्हणजे कामही बंद. लग्नाच्या दिवशी सकाळी असे झाले तर पैसे बुडतात आणि त्याहून वाईट म्हणजे दिलेला शब्द मोडतो. आमच्या पाहण्यात असे आले आहे की गिम्बल खरोखर तुटलेला नसतानाही तो तुटल्याचे समजून लोक मोठ्या खर्चाला तयार होतात आणि जो खरोखर तुटतो, तो पुष्कळदा घरातल्या किंवा गाडीतल्या छोट्याशा हलगर्जीने तुटतो. दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. घरातील मोठ्यांनीही हे वाचावे, कारण यंत्र मुलगा चालवत असला तरी ते ठेवले जाते घरातच.

गिम्बल करतो तरी काय?

कोंबडी दोन्ही हातांत धरून तिचे अंग हळूच पुढे-मागे, वर-खाली हलवून पाहा. अंग हलते, पण मान जागच्या जागी राहते. गिम्बल कॅमेऱ्यासाठी नेमके हेच करतो. वाऱ्याने ड्रोन झुकतो, पुढे जाताना नाक खाली करतो, वळताना एका बाजूला कलतो. पण कॅमेऱ्याची नजर स्थिर राहते.

त्यासाठी चांगल्या ड्रोनमध्ये तीन छोट्या मोटारी असतात. एक कॅमेरा वर-खाली करते, दुसरी तो डाव्या-उजव्या अंगाला कलू देत नाही आणि तिसरी त्याला आडवा फिरण्यापासून सावरते. ड्रोन किती झुकला हे आतले संवेदक सतत मोजत असतात आणि मोटारी सेकंदाला शेकडो वेळा उलट्या दिशेने तेवढीच दुरुस्ती करतात. यालाच तीन अक्षांचा गिम्बल म्हणतात. डीजेआय कंपनीच्या जुन्या स्पार्क या ड्रोनमध्ये दोनच अक्ष होते. लग्नाच्या कामात खूप दिसणाऱ्या मिनी २ मध्ये तीन आहेत. मिनी २ चा कॅमेरा आपण रिमोटवरून फक्त वर-खाली करू शकतो, बाकीचे दोन अक्ष यंत्र स्वतः सांभाळते.

मोटारींखेरीज आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, गिम्बल ड्रोनच्या अंगाला रबराच्या छोट्या गोळ्यांवर टांगलेला असतो. पंख्यांची थरथर हे रबर गिळून टाकतात. दुसरी, कॅमेऱ्याचे चित्र आणि मोटारींची वीज कागदासारख्या पातळ पट्टीच्या वायरीतून जाते. ही वायर दर उड्डाणात शेकडो वेळा वाकते. मोटारी, रबर आणि वायर या तिन्हींची प्रकृती सांभाळली की गिम्बल सांभाळला.

धोका जमिनीवरही असतो

झाडावर किंवा विजेच्या तारेवर आदळला तर गिम्बलला इजा होणारच. पण ड्रोन जमिनीवर असतानाही कमी इजा होत नाही.

सर्वात नेहमीची चूक म्हणजे कव्हर न काढता ड्रोन चालू करणे. नवीन ड्रोनसोबत गिम्बलवर बसणारे प्लास्टिकचे पारदर्शक कव्हर येते. प्रवासात कॅमेरा हलू नये म्हणून ते असते. ड्रोन चालू केला की गिम्बल सर्व दिशांना फिरून स्वतःची तपासणी करतो. कव्हर तसेच असेल तर मोटारी अडकलेल्या कॅमेऱ्याला ढकलत राहतात, गरम होतात आणि स्क्रीनवर मोटारीवर ताण आल्याची सूचना येते. एकदा झाले तर सहसा काही बिघडत नाही. रोजची सवय झाली तर मोटारी आणि वायर दोन्ही कमजोर होतात.

दुसरी चूक याच्या उलट : काम संपल्यावर कव्हर न लावताच ड्रोन पिशवीत टाकणे. मोटारसायकलच्या डिकीत, खाचखळग्यांच्या रस्त्यावर कॅमेरा तासभर इकडून तिकडे आपटत राहतो. त्याचे रबर सुटतात, पट्टीची वायर चेपते आणि दुसऱ्या दिवशी कळत नाही की काल उडताना ठीक असलेल्या यंत्राला रात्रीत झाले काय.

तिसरी चूक, हात उघडण्याचा क्रम. मिनी २ सारख्या घडीच्या ड्रोनमध्ये आधी गिम्बलचे कव्हर काढावे, मग पुढचे हात उघडावेत, नंतर मागचे. मिटताना आधी मागचे, मग पुढचे. सारे झाल्यावर कव्हर. घाईत उलटसुलट ओढाताण करताना बोट कॅमेऱ्याला लागते आणि ड्रोन चालू असेल तर त्या धक्क्याशी मोटारी भांडू लागतात. चालू ड्रोनचा कॅमेरा हाताने कधीही फिरवू नये.

चौथी चूक, उतरण्याची जागा. वाळू, खडी, शेतातली सुकी माती किंवा उंच गवत यांवरून उडवल्यास पंख्यांचा वारा सारी धूळ खालून उडवतो आणि कॅमेरा तर ड्रोनच्या पोटाशीच असतो. धुळीचा एक कण मोटारीच्या फटीत गेला तरी ती अडखळते. सोबत एक जाड रबरी चटई ठेवावी. पातळ चादर नको. ती वाऱ्याने उडून पंख्यात जाते. लोखंडी टपावरूनही उडवू नये, कारण त्याने ड्रोनचे होकायंत्र गोंधळते.

लाल सूचना आली तर

समजा निकाहाला अर्धा तास आहे आणि स्क्रीनवर 'गिम्बल मोटर ओव्हरलोडेड' किंवा 'गिम्बल स्टक' असे शब्द आले. घाबरून चार वेळा बंद-चालू करत बसू नये. खालच्या क्रमाने पाहावे.

१. ड्रोन बंद करा. त्याआधी दुसऱ्या फोनने त्या सूचनेचा फोटो काढून ठेवा. पुढे दुरुस्तीवाल्याला तोच फोटो सर्वात उपयोगी पडतो.

२. कव्हर निघाले आहे का, नव्या ड्रोनला कारखान्यात लावलेला फोम किंवा चिकटपट्टी राहिली आहे का, ते पाहा. मांडवाजवळ काम करताना सेहऱ्याची जर, फुलाची पाकळी किंवा चमकी कागदाचा तुकडा कॅमेऱ्याच्या मागे अडकलेला असतो. तो चिमट्याने अलगद काढा.

३. कॅमेऱ्यावर काही जादा लावले आहे का? ऊन कमी करण्यासाठी काळी काच, म्हणजे एनडी फिल्टर, पुष्कळ जण लावतात. ती त्या मॉडेलसाठी बनवलेली नसेल किंवा जड असेल तर कॅमेऱ्याचा तोल जातो. ती काढून पाहा. योग्य काचही ड्रोन बंद असतानाच बसवायची.

४. ड्रोन बंद असताना एका बोटाने कॅमेरा तिन्ही दिशांना अगदी हळू हलवून पाहा. तो सहज, लोण्यासारखा फिरला पाहिजे. बंद अवस्थेत कॅमेरा मान टाकल्यासारखा लोंबतो, ते पाहून घाबरू नका. वीज नसताना मोटारी सैल असतात, ते ठीकच आहे. पण फिरताना कुठे करकर जाणवली, एका ठिकाणी अडकला किंवा एखादा हात वाकलेला दिसला, तर इथेच थांबा. हा बिघाड मेनूमधल्या कोणत्याही बटणाने दुरुस्त होणार नाही.

५. सारे मोकळे असेल तर ड्रोन सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवा. गाडीच्या सीटवर, हातात धरून किंवा उतारावर चालू केल्यासही गिम्बल स्वतःचे रक्षण करण्यासाठी मोटारी बंद करतो. टेबलावर किंवा फरशीवर पूर्ण भरलेली बॅटरी लावून चालू करा. पुष्कळदा प्रश्न इथेच मिटतो.

६. तरीही कॅमेरा वाकडा राहिला तर गिम्बल कॅलिब्रेशन करा. डीजेआय फ्लाय अॅपमध्ये उड्डाणाच्या पडद्यावरील तीन ठिपके दाबून कंट्रोल विभागात गेल्यावर हा पर्याय मिळतो. स्वयंचलित पर्याय निवडा आणि पूर्ण होईपर्यंत ड्रोनलाच काय, टेबलालाही हात लावू नका. यंत्र जणू नव्याने 'सरळ म्हणजे काय' ते शिकत असते. त्या वेळी टेबल हलले तर ते चुकीचेच शिकेल.

७. कॅलिब्रेशन मध्येच अडकून पुन्हा पुन्हा अपयशी ठरत असेल तर मोटार, वायर किंवा हात यांपैकी काहीतरी खरोखर बिघडले आहे. त्या दिवशी ड्रोन उडवू नका. ग्राहकाला खरे सांगून जमिनीवरच्या कॅमेऱ्याने काम करा आणि ड्रोनचे पैसे घेऊ नका.

चित्र पाहून दुखणे ओळखा

काही बिघाड सूचना देत नाहीत, चित्रातून बोलतात.

चित्र जेलीसारखे थरथरत असेल तर आधी गिम्बलवर नव्हे, पंख्यांवर संशय घ्या. पात्याच्या कडेला टवका उडाला असेल किंवा ते किंचित वाकले असेल तर थरथर इतकी वाढते की रबरांना ती गिळता येत नाही. मिनी २ मध्ये एका मोटारीवरची दोन्ही पाती एकदमच बदलावीत, एक जुने व एक नवे ठेवू नये. पाती ठीक असतील तर रबराचे गोळे पाहा. एखादा सुटून खाली आलेला दिसेल किंवा फाटलेला असेल. भर दुपारच्या उन्हातच असे होत असेल तर कारण शटरचा अतिवेग असू शकते आणि तिथे योग्य एनडी फिल्टर उपयोगी पडतो.

समुद्राची रेषा तिरपी दिसत असेल तर आधी थोडा धीर धरा. जोरात वळण घेतल्यावर किंवा आडव्या वाऱ्यात क्षितिज क्षणभर कलते आणि परत सरळ होते. ते कायमच तिरपे राहिले तर सपाट जागी गिम्बल कॅलिब्रेशन करावे. त्यानेही न सुधारल्यास अॅपच्या सेफ्टी विभागातून आयएमयूचे, म्हणजे ड्रोनच्या तोल मोजणाऱ्या संवेदकाचे, कॅलिब्रेशन करावे. त्या वेळी ड्रोन उन्हात तापलेला नसावा. पडद्यावर दाखवतील तशा स्थितींत तो ठेवत जावे.

कॅमेरा व्यवस्थित हलतो, पण पडदा काळा असतो. किंवा चित्र येते, पण कॅमेरा निर्जीव लोंबतो. या दोन्ही वेळी दोष बहुधा त्या पातळ वायरीत किंवा तिच्या जोडणीत असतो. ही माहिती महत्त्वाची, कारण वायर बदलणे आणि पूर्ण गिम्बल बदलणे यांच्या खर्चात मोठे अंतर आहे.

घरचे उपाय, जे करू नयेत

आपल्याकडे बंद पडलेल्या वस्तूला थोडे तेल देण्याची सवय आहे. शिलाई मशीनला ते मानवते, गिम्बलच्या मोटारीला नाही. तेलाने धूळ चिकटून तिचा चिखल होतो. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे कण लेन्सवर आणि आत जातात. कॅमेऱ्यांच्या दुकानात मिळणारा रबरी फुगा वापरावा. वाकलेला हात पकडीने सरळ करू नये आणि तुटलेल्या जागी झटपट चिकटणारा गोंद लावू नये. त्याची वाफ लेन्सवर पांढरा थर देते आणि हात एक केसभर जरी वाकडा चिकटला तरी मोटारीला जन्मभर ताण राहतो. ओला झालेला ड्रोन हेअर ड्रायरच्या गरम वाऱ्याने सुकवू नये.

ऊन, खारा वारा आणि धुके

आपला महाराष्ट्र या बाबतीत तीन तऱ्हेचा आहे. मराठवाडा आणि सोलापूरकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. मिनी २ साठी कंपनीने सांगितलेली मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस आहे. बंद गाडीच्या काचेमागे याहून खूप अधिक तापते. जोहरच्या वेळी मशिदीबाहेर उभ्या गाडीत ड्रोन ठेवून जाऊ नये. तो सावलीत, घरात ठेवावा. शक्य असेल तर उड्डाणे सकाळी किंवा असरनंतर करावीत, त्या वेळी प्रकाशही मऊ असतो.

किनाऱ्यावर शत्रू वेगळा आहे. मुरुड, श्रीवर्धन, दापोली, रत्नागिरी भागात हवेतच मीठ असते. किनाऱ्यावरून आल्यावर मऊ, कोरड्या कापडाने ड्रोन पुसावा, फुग्याने वाळू उडवावी आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. नव्या पादत्राणांच्या खोक्यांत मिळणाऱ्या पुड्या चालतात, मात्र त्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. ड्रोन समुद्रात पडलाच तर तो पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. बॅटरी लगेच काढावी, घरात चार्ज करू नये आणि यंत्र जाणकाराकडे न्यावे. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने मीठ निघत नाही.

महाबळेश्वर, आंबोलीच्या धुक्यात उडवल्यास गिम्बल दमट होऊन काही काळ बंद पडू शकतो. कंपनीच्याच माहितीपत्रकात म्हटले आहे की तो सुकल्यावर पूर्ववत चालतो. म्हणजे धुक्यात बिघडलेल्या गिम्बलसाठी त्याच दिवशी दुकान गाठू नये. बॅटरी काढून कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवून दुसऱ्या दिवशी तपासावे.

दुरुस्तीला देताना

सगळे उपाय करून झाले आणि गिम्बल खरोखर बिघडला असेल तर दुरुस्ती करावीच लागेल. त्याआधी मेमरी कार्ड काढून घ्या. हे आम्ही मुद्दाम ठळकपणे सांगतो. त्या कार्डावर दुसऱ्यांच्या घरातील आई-बहिणींचे चित्रण असते, मेहंदीचे, मांडवाचे. ते ग्राहकाने आपल्यावर विश्वास ठेवून दिलेले असते, अमानत असते. काही ड्रोनमध्ये कार्डाशिवाय आतही साठवण असते. मॅव्हिक एअर २ मध्ये ती ८ जीबी आहे. तीही रिकामी करूनच ड्रोन बाहेर द्यावा.

दुकानदाराला काही गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात. बिघाड वायरीत आहे, हातात आहे की मोटारीत? फक्त तेवढा भाग बदलता येईल का? नवा गिम्बल बसवल्यावर तो ड्रोनच्या संगणकाशी जुळवून घ्यावा लागतो. त्याची सोय तुमच्याकडे आहे का? जुना भाग परत मिळेल का? खर्चाचा अंदाज कागदावर घ्यावा. जो ही उत्तरे न कंटाळता देतो, त्याच्याकडे काम द्यावे.

परत घेताना दुकानातच तपासणी करावी. सपाट काउंटरवर चालू करून गिम्बलची सुरुवातीची फेरी सुरळीत होते का पाहावे. रिमोटने कॅमेरा पूर्ण खाली आणि पूर्ण वर न्यावा. पंखे बंद ठेवून ड्रोन हातात घेऊन हळूच डावीकडे-उजवीकडे कलवावा. पडद्यावरील चित्र स्थिर राहिले पाहिजे. त्यानंतर मोकळ्या जागी मिनिटभर एकाच ठिकाणी तरंगवून चित्रण करून पाहावे आणि मगच पैसे चुकते करावेत.

भाग जपून वापरण्याचे आणखी एक कारण आहे. केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशात तयार झालेल्या ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे. सुट्या भागांना त्यातून सूट आहे. त्यामुळे हातात असलेला ड्रोन दुरुस्त करणे शक्य आहे, पण त्याच्या जागी सहज नवा आणणे पूर्वीसारखे सोपे नाही. दुबई किंवा मस्कतहून येणाऱ्या नातलगाला "येताना एक ड्रोन आण" असे सांगण्याआधी हा नियम समजून घ्यावा. भेट म्हणून आणलेली वस्तू विमानतळावर अडकली तर दोन्ही घरांना त्रास होतो.

वजनाचेही भान ठेवावे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो आणि त्याहून जड, २ किलोपर्यंतचा, मायक्रो गटात. व्यवसायासाठी मायक्रो ड्रोन उडवायचा तर प्रमाणपत्रधारक चालक लागतो. मिनी २ चे वजन २४९ ग्रॅम आहे. त्याला पंख्यांचे रक्षक किंवा दिवे लावले की तो ही रेषा ओलांडतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या रक्षणासाठी लावलेली एखादी जादा वस्तू मोटारींवर ताण आणतेच, शिवाय कायद्याच्या दृष्टीने ड्रोनचा गटही बदलू शकते. उड्डाणापूर्वी त्या भागाचा सरकारी नकाशा पाहून आपण कोणत्या रंगाच्या क्षेत्रात आहोत हे तपासणे तर आवश्यकच आहे.

घरातली शिस्त

यंत्राची काळजी ही एका माणसाची जबाबदारी राहिली तर ती अर्धीच होते. ड्रोनला घरात एक ठरलेली जागा द्यावी. कपाटाचा वरचा, कोरडा कप्पा उत्तम. मऊ कपड्यांच्या ढिगात कोंबण्यापेक्षा कडक खोक्याची, आत कापलेला फोम असलेली पेटी घ्यावी. लहान मुलांना ते पाहण्याची उत्सुकता असणारच. त्यांना रागावून दूर ठेवण्यापेक्षा एकदा जवळ बसवून दाखवावे, कोंबडीच्या मानेचे उदाहरण द्यावे आणि "याला बोट लावायचे नाही, का ते कळले ना?" असे समजावावे. समजलेले मूल स्वतःच दुसऱ्यांना अडवते.

पेटीच्या झाकणाच्या आत एक छोटी यादी चिकटवावी : कव्हर काढले, पुढचे हात, मागचे हात, पाती तपासली, लेन्स पुसली, चटई टाकली, मगच चालू. परतताना : बंद, मागचे हात, पुढचे हात, कव्हर, कार्ड काढले. वाचायला मिनिट लागत नाही.

मित्राला ड्रोन उसना किंवा भाड्याने देताना संकोच करू नये, हिशोब स्पष्ट ठेवावा. देताना दोघांसमोर चालू करून गिम्बल फिरतानाचा छोटा व्हिडिओ काढावा, परत घेतानाही तसाच काढावा. काय बिघडले तर खर्च कोण करील हे दोन ओळींत लिहावे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला आहेच. ती अविश्वासाची नाही, नाते टिकवण्याची आहे. आणि ज्याने दुसऱ्याचे यंत्र घेतले आहे, त्याने ते आपल्या यंत्राहून अधिक जपावे. उतरताना ठेच लागली असेल तर ती सांगून परत करावे. लपवलेली भेग पुढच्या निकाहात दुसऱ्याच्याच माथी येते.

शेवटी उडवण्याच्या अदबीविषयी दोन शब्द. पाहुण्यांच्या डोक्यावरून ड्रोन उडवू नये. पंखे लहान असले तरी ते डोळ्याला आणि बोटाला गंभीर इजा करतात. शेजारच्या गच्चीवर, अंगणात, महिलांच्या मांडवात कॅमेरा वळवण्याआधी परवानगी घ्यावी. गिम्बल कॅमेऱ्याची नजर स्थिर ठेवतो, पण ती कुठे वळवायची हे रिमोट धरणाऱ्या हातावरच असते.

उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कव्हर लावणे, पाती पाहणे, सपाट जागा शोधणे हे या काळातले उंट बांधणेच आहे. तेवढे करून घराबाहेर पडणाऱ्या मुलाच्या रोजीत अल्लाह बरकत देवो.